काठी कोणती ठेवायची, कोणती कापायची? – लाल रासबेरीची लागवड आणि निगा



गटांच्या बैठकांना फिरताना हल्ली एक प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो. "ताई, स्ट्रॉबेरीसारखी ती रासबेरी आपण लावली तर?" विचारणाऱ्या बहुतेक जणींनी महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्याला छोट्या डबीतली ती लाल फळं पाहिलेली असतात. डबी लहान आणि भाव मोठा. बघितल्याबरोबर मनात हिशोब सुरू होतो. हिशोब करावाच, पण तो रोपं विकत घेण्याआधी. गटातून कर्ज उचललं, रोपं बांधावर येऊन पडली आणि मग विचार करत बसलो, तर त्याला हिशोब म्हणत नाहीत, काळजी म्हणतात.

म्हणून आज रासबेरीबद्दल सगळं नीट समजून घेऊ. ती कुठे येते, कशी जगते, तिची निगा कशी राखायची आणि फळ हातात आल्यावर काय करायचं. यातली एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. रासबेरीचं सगळं उत्पन्न तिच्या काठीवर असतं. कोणती काठी ठेवायची आणि कोणती कापायची हे जिला कळलं, तिला रासबेरी कळली.

हे फळ आहे तरी काय?

आधी एक घोटाळा दूर करू. तुती वेगळी आणि रासबेरी वेगळी. तुतीचं मोठं झाड होतं. रासबेरीचं झुडूप असतं. जमिनीतून सरळ, बारीक, काटेरी काठ्या वर येतात आणि त्या चार-पाच फूट, कधी त्याहूनही उंच होतात. फळ म्हणजे बारीक बारीक रसाळ दाण्यांचा एक झुबका. पिकलेलं फळ अलगद ओढलं की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि हातात आतून पोकळ फळ येतं, अगदी बोटावर टोपी घालावी तसं. हीच रासबेरीची खूण.

आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेकडच्या डोंगरांत तिची एक रानटी बहीणही आहे. तिला म्हैसूर रासबेरी म्हणतात. तिचं फळ आधी लाल दिसतं आणि पूर्ण पिकलं की काळपट जांभळं होतं. तिला थंडी कमी लागते. रोपवाटिकेत नुसतं "रासबेरी द्या" म्हणालात तर यातलं कुठलंही रोप हातात पडू शकतं. म्हणून विचारायचं, "पिकल्यावर फळ लाल राहतं की काळं पडतं?" या एका प्रश्नातून पुष्कळ कळतं.

आमच्या गावात येईल का?

लाल रासबेरी मूळची युरोप आणि उत्तर आशियातल्या थंड मुलखातली. युरोपातल्या सर्बिया देशात अरिल्ये नावाचा भाग तर रासबेरीसाठीच ओळखला जातो. तिथे घरोघरी छोट्या छोट्या जमिनींत ती लावतात. तिथल्या हिवाळ्यात बर्फ पडतं आणि रासबेरीला तेच मानवतं. तिला हिवाळ्यात झोप लागते. जुन्या, नेहमीच्या जातींना ७ अंशांखाली साधारण ८०० तास किंवा त्याहूनही जास्त थंडी हवी असते. ८०० तास म्हणजे महिन्याहून जास्त काळ रात्रंदिवस फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं. ही झोप मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत आणि फुलंही धड येत नाहीत.

आता आपल्याकडे बघा. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फूट उंचीवर आहे. वेण्णा लेकच्या बाजूला थंडीतल्या काही पहाटे दवबिंदू गोठतात आणि त्याचे फोटो पेपरात येतात. पण दुपार झाली की ऊन पडतं आणि स्वेटर काढावा लागतो. म्हणजे राज्यातल्या एवढ्या थंड जागीसुद्धा युरोपासारखी लांब झोप रासबेरीला मिळत नाही. म्हणून तिथेही जात निवडूनच घ्यावी लागते. ते पुढे सांगते.

उन्हाचंही तसंच. पारा ३० अंशांच्या वर जायला लागला की फळ मऊ पडतं, लवकर गळतं आणि कडक उन्हात दाणे पांढरे पडतात. आता माण-खटाव, सोलापूर किंवा मराठवाड्यातली एखादी मैत्रीण विचारेल, "ताई, मग आमचं काय?" तिला मी सरळच सांगेन, तुमच्या उन्हात लाल रासबेरीवर पैसे घालू नका. कुणी गाडी भरून रोपं आणली, "कुठेही येते, सहा महिन्यांत पैसे वसूल" असं म्हणाला, तर त्याला एकच विचारा, "आमच्यासारख्याच हवेच्या गावात तीन वर्षं जगलेली बाग दाखवा." दाखवली तर स्वतः जाऊन बघा. नाही दाखवली तर चहा द्या आणि वाटेला लावा. उष्ण भागातल्या गटांना तुती आहे, जांभूळ आहे, करवंद आहे. जॅम आणि सरबत त्यांचंही होतं. ही झाडं आपल्या उन्हाला सरावलेली आहेत.

काठीचं गणित

आता मुख्य गोष्ट. रासबेरीच्या मुळ्या जमिनीत वर्षानुवर्षं जगतात, पण वरची काठी दोनच वर्षांची सोबतीण असते. पहिल्या वर्षी ती जमिनीतून निघते, वाढते, पानं धरते. दुसऱ्या वर्षी तिला बाजूच्या फांद्या फुटतात, फुलं येतात, फळं येतात. फळ देऊन झालं की ती काठी वाळते. तोवर शेजारी नवी काठी उभी राहिलेली असते.

तुम्ही म्हणाल, हे तर केळीसारखं झालं! बरोबर. केळीला घड आला की ते खोड संपतं आणि बाजूचा मुनवा पुढचा घड देतो. घड उतरवल्यावर आपण खोड ठेवून मुनवा कापतो का? नाही. रासबेरीतही तेच. फक्त इथे खोडाऐवजी एकाच ठिकाणी दहा-बारा काठ्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

त्यातही जाती दोन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या काठीवरच फळ देणाऱ्या जाती. यांना थंडीची लांब झोप लागते. यांच्यात फळ देऊन गेलेली काठी जमिनीलगत कापायची आणि त्या वर्षीची नवी काठी जपायची. चुकून नवी काठी कापली गेली तर पुढच्या वर्षी त्या झुडपाला फळच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पहिल्याच वर्षी काठीच्या शेंड्याकडे फळ देणाऱ्या जाती. 'हेरिटेज' आणि 'ऑटम ब्लिस' या जगभर लावल्या जाणाऱ्या जाती यातल्या. यांना फळासाठी लांब झोपेची वाट बघावी लागत नाही, म्हणून कमी थंडीच्या जागी याच प्रकाराचा विचार करायचा. यांची छाटणीही सोपी असते. फळं संपली, झाड सुस्तावलं, की सगळ्याच काठ्या जमिनीलगत कापायच्या. उसाचा खोडवा ठेवतो ना, तसं. मुळांतून नव्या काठ्या फुटतात आणि त्याच पुन्हा फळ देतात.

रोप घेताना म्हणूनच दुसरा प्रश्न विचारायचा, "पहिल्या वर्षीच्या काठीला फळ येतं का?" उत्तर पावतीवर जातीच्या नावासकट लिहून घ्या. जात माहीत नसेल तर छाटणी कशी करायची हेही कळणार नाही.

काठी ओळखायची कशी?

नवी काठी हिरवी किंवा लालसर असते, साल घट्ट आणि तुकतुकीत. बाजूला फांद्या नसतात. जुनी काठी तपकिरी असते, साल सुटायला लागलेली, बाजूला बारीक फांद्या आणि त्यांच्या टोकाला फळांचे वाळलेले देठ. नवख्या नजरेला हे लगेच कळत नाही. त्यासाठी एक बिनखर्चाचा उपाय सांगते. फुलं दिसू लागली की त्या त्या काठीला जुन्या साडीची एक पट्टी बांधून टाका. फळं संपल्यावर पहिल्या प्रकारच्या जातीत पट्टीची काठी कापायची आणि बिनपट्टीची ठेवायची. मग शाळेतली पोरसुद्धा चुकणार नाही.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं की फळबागेत तोडणी आपण बायका करतो आणि छाटणी बऱ्याचदा रोजावरच्या माणसावर सोडली जाते. तो बिचारा एका दिवसात काम उरकायला बघतो. कोणत्या काठीने फळ दिलं हे तोडणाऱ्या बाईला माहीत असतं, कापणाऱ्याला नसतं. म्हणून छाटणीच्या दिवशी तोडणी करणारी बाई शेतात उभी पाहिजे. कात्री तिच्याच हातात असेल तर फारच उत्तम.

जागा, वाफा आणि लागवड

रासबेरीला पाणी हवं, पण पाण्यात उभं राहायला तिला आवडत नाही. मुळ्या वरच्या थरात, फूट-दीड फुटातच जास्त पसरतात. त्यांच्याशी पाणी साचलं की मूळकूज होते आणि अख्खं झुडूप बसतं. महाबळेश्वरसारख्या मुसळधार पावसाच्या ठिकाणी तर हाच मोठा धोका. म्हणून उताराची, निचऱ्याची जागा निवडा आणि फूटभर उंच गादीवाफा करा. लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर करा, म्हणजे कोवळ्या मुळ्या चिखलात सापडत नाहीत.

मातीचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट माती चांगली. लागवडीआधी माती परीक्षण करून घ्या. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा किंवा स्ट्रॉबेरी नुकती काढलेल्या रानात रासबेरी लावू नका. या पिकांवरचा मर रोग मातीत राहतो आणि रासबेरीलाही धरतो.

दोन रोपांत दीड ते दोन फूट आणि दोन ओळींत सात-आठ फूट अंतर ठेवा. एवढी मोकळी जागा बघून जीव हळहळतो, पण टोपली घेऊन तुम्हालाच मधून चालायचं आहे आणि काठ्यांना काटे आहेत. रोप खोल गाडू नका, रोपवाटिकेत होतं तेवढंच मातीत जाऊ द्या. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वाफ्यात आधीच मिसळा.

काठ्या फळांच्या भाराने वाकतात, म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांना खांब रोवून अडीच फुटांवर एक आणि पाच फुटांवर एक अशा तारा ओढा. काठ्या तारेला सुतळीने सैल बांधा. हवा खेळली तर बुरशी कमी येते आणि फळ मातीला लागत नाही.

रोजची निगा

पाणी: ठिबक सगळ्यात बरं. माती ओलसर राहिली पाहिजे, चिखल होता कामा नये. फुलं आणि फळं असताना पाण्याची ओढ बसली तर फळ बारीक राहतं. पाणी पानांवर आणि फळांवर उडवू नका.

आच्छादन: भाताचा पेंढा, वाळलेला पालापाचोळा किंवा गवत बुंध्याभोवती तीन-चार बोटं जाड पसरा. ओल टिकते, तण कमी उगवतं. खुरपणी मात्र वरवरची करा, मुळ्या उथळ असतात.

खत: कुजलेलं शेणखत दरवर्षी द्या. युरियाचा मोह नको. जास्त नत्र दिलं की काठ्या लुसलुशीत वाढतात, पानंच पानं होतात, फळ कमी येतं आणि मावा धावून येतो.

विरळणी: रासबेरी मुळांतून दूरवर कोंब काढते. ओळ फूट-दीड फूट रुंदीची ठेवा आणि बाहेर आलेले कोंब काढून टाका. ओळीच्या दर फुटाला तीन-चार जाड, निरोगी काठ्या पुरे. सगळ्या ठेवाव्यात असं वाटतं, पण गर्दी झाली की कुणाचंच पोट भरत नाही.

मधमाश्या: फळातला एकेक दाणा तयार व्हायला परागीभवन नीट व्हावं लागतं. ते कमी पडलं तर फळ वेडंवाकडं होतं आणि हातात चुरतं. म्हणून फुलं असताना कीटकनाशकाची फवारणी नको. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या डोंगरात माश्या पाळणं हा जुना धंदा आहे. बागेजवळ मधपेटी ठेवली तर फळही सुधारतं आणि मधही मिळतो.

रोग-कीड: कोरड्या उन्हात पानाच्या मागे लाल कोळी येतो, दमट हवेत फळावर करडी बुरशी चढते. मावा विषाणू पसरवतो. पानं आखडली, पिवळे डाग पडले, फळ दरवर्षी चुरायला लागलं, तर शंका घ्या. विषाणूवर औषध नाही. असं झुडूप मुळासकट उपटून जाळायचं.

आणि इथे एक नाजूक गोष्ट. आपल्यात रोप मागणं आणि देणं ही मायेची रीत आहे. मोगऱ्याची फांदी, अळूचा कांदा आपण एकमेकींना सहज देतो. रासबेरीचे कोंबही असेच देता येतात आणि ते चांगले रुजतात. पण आजारी झुडपाचा कोंब दिला तर मायेबरोबर रोगही जातो आणि एकीची बाग दहा जणींना बुडवते. म्हणून पहिली रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या आणि पुढे कोंब वाटायचे झाले तर सगळ्यात निरोगी झुडपाचेच वाटा.

फळाचे दोन दिवस

रासबेरी झाडावरून काढल्यावर पेरू-चिकूसारखी पिकत नाही. ती पूर्ण लाल झाल्यावर, हलक्या हाताने सुटत असेल तेव्हाच तोडायची. ओढावी लागली तर ती तयार नाही. हंगामात दर दोन-तीन दिवसांनी तोडणी लागते. सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढण्याआधी तोडा. थेट लहान, उथळ डबीत ठेवा. बादलीत भरली तर खालच्या फळांचा रस होतो. विकायचं फळ धुवू नका, पाणी लागलं की बुरशी धरते. तोडलेल्या डब्या लगेच सावलीत आणि होईल तितक्या लवकर थंडाव्यात न्या.

एवढं करूनही हे फळ फ्रिजबाहेर संध्याकाळपर्यंत मऊ पडतं आणि फ्रिजमध्ये एक-दोन दिवस चांगलं राहतं. सर्बियातले शेतकरी एवढी रासबेरी पिकवतात, तरी बहुतेक फळ गोठवूनच बाहेर पाठवतात, ते यासाठीच. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचा बाजार आधीच बसलेला आहे, तिला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पर्यटक दारात येतो, म्हणून तिथे ताजी डबी खपते. तुमच्या गावाहून असा बाजार दोन-तीन तासांवर नसेल तर ताज्या फळाच्या भावावर हिशोब मांडू नका.

उरलेल्या फळाचं काय? फळं ताटात एकेक सुटी पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे गोळा होत नाही. पुरेसं फळ साठलं की फळाच्या वजनाइतकी साखर आणि थोडा लिंबाचा रस घालून जॅम करता येतो. विकायचा असेल तर अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या. घरातल्या लेकरांनाही द्या. १०० ग्रॅम रासबेरीत सहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, शिवाय क जीवनसत्त्वही.

गटाने सुरुवात कशी करावी?

हवा थंड असलेल्या गावातल्या गटांनाही माझं सांगणं एवढंच, पहिल्या वर्षी अर्धा एकर नको, दहा रोपं लावा. एकीच्या परसात, पण गटाच्या खर्चाने. एक वही करा. रोपांना किती लागले, तारा-खांबांना किती, पाण्याला आणि मजुरीला किती. दर तोडणीला किती ग्रॅम फळ मिळालं, त्यातलं किती विकलं, किती मऊ पडलं. आणि तोडायला किती तास गेले तेही लिहा. आपल्या वेळेची मजुरी आपण कधी धरत नाही, म्हणून धंदा नफ्यात वाटतो आणि कंबर तेवढी दुखते. एक किलो काकडी तोडायला दोन मिनिटं लागतात. एक किलो रासबेरी म्हणजे दोन-तीनशे फळं, एकेक करून, काट्यांतून.

दोन हंगामांची वही समोर असेल तर कर्ज घ्यायचं की नाही हे गटाला कुणी बाहेरच्याने सांगावं लागणार नाही. वहीच सांगेल. "लावू नका" असं म्हणाली तर दहा रोपांवर सुटलो. "वाढवा" म्हणाली तर रोपंही आपल्याच बागेतली आणि छाटणी शिकलेल्या बायाही आपल्याच गटातल्या.

पुढच्या मासिक बैठकीत या चार प्रश्नांवर बोला. आपल्या गावात थंडी किती दिवस टिकते? पाणी साचत नाही अशी जागा कुणाकडे आहे? तोडल्यापासून किती तासांत फळ बाजारात पोहोचेल? आणि छाटणीच्या दिवशी कात्री कुणाच्या हातात असेल? उत्तरं वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.